वाईट बोलेल तिला एक फेरी

३ नोव्हेंबर

आजपासून मला दोन वह्या. एक निळी, रांचीच्या तनुश्री मॅडमनी दिलेली, गुळगुळीत कागदाची, पानापानावर चौकटी छापलेल्या. तिच्यात रोज लिहायचं की आज मी मुलींशी काय काय चांगलं बोलले. दुसरी ही, आठवड्याच्या बाजारातून आणलेली, साध्या रेघांची. हिच्यात खरं लिहीन. नाहीतर पोट फुगून मरेन.

मॅडमची संस्था आमच्या हॉस्टेलच्या हॉकी टीमला अठरा स्टिका, सगळ्यांना बूट आणि गोलकीपरचं पूर्ण सामान देणार आहे. आमच्या निम्म्या पोरी अजून बांबू वाकवून केलेल्या काठीने खेळतात, तेव्हा नाही कोण म्हणणार? बदल्यात एवढंच की खेळातून पोरींना चांगलं बोलायला शिकवायचं. दोष द्यायचा नाही, टोमणे मारायचे नाहीत, शिव्या तर नाहीतच. खेळ संपला की गोल करून बसायचं आणि प्रत्येकीने एक चांगली गोष्ट बोलायची. आणि सगळ्यात मोठी अट अल्बिना दीदीसाठी : रेषेबाहेरून ओरडायचं नाही.

मी म्हटलं, "मॅडम, बावीस वर्षं ओरडतेय मी. माझ्या आवाजाने पलीकडच्या वस्तीतले बैल वळतात."

"म्हणूनच तर म्हणते, दीदी," मॅडम हसून म्हणाल्या.

शेजारी सिस्टर जेम्मा बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान डोलावून टाकली. माझं कंत्राट मार्चला संपतंय आणि ते सिस्टरांच्या हातात आहे. बेचाळीस वर्षांची, गुडघा गेलेली, बिनलग्नाची बाई इथून निघाली तर जाणार कुठे? भावाच्या दारात बकऱ्या राखायला? हॉस्टेलच्या फाटकाची किल्ली माझ्या कमरेला असते, पण आत अडकलेली मीच आहे. असो.

५ नोव्हेंबर

पोरींचा पहिला गोल बसवला. एलिसबा आमची गोलकीपर, अंगाने आडवी आणि तोंडाने तोफ. तिला म्हटलं, शेजारणीबद्दल काहीतरी चांगलं बोल. ती म्हणाली, "ही आज आंघोळ करून आली, हे फार चांगलं झालं." सगळ्या लोळून हसल्या. शेजारणीने तिची वेणी ओढली. तिसरी म्हणते, "दीदी आज ओरडल्या नाहीत. ताप आलाय का बघा कुणीतरी."

अशाने काय शिकणार या? मग मला युक्ती सुचली. मॅडमच्या चौकटीतली नाही, माझी स्वतःची. आमच्या वेळी पास चुकला की सर मैदानाला फेरी मारायला लावायचे. आम्ही त्यातच शिकलो, मेलो नाही. मी जाहीर करून टाकलं की जी वाईट बोलेल, तक्रार करेल, 'नाही' नि 'नको' म्हणेल, तिला एक फेरी. आमचं मैदान लहान नाही, आणि पलीकडच्या गोलमागे चढ आहे. फेरी मारून आलेली पोरगी बोलायच्या लायकीची राहत नाही. एकट्या एलिसबाने सात मारल्या. शेवटी धापा टाकत म्हणाली, "दीदी, तुम्ही किती छान आहात हो."

निळ्या वहीत लिहिलं : मुलींनी उत्साहाने भाग घेतला.

१२ नोव्हेंबर

रंथीबद्दल लिहायचं राहिलंच होतं. सोळा वर्षांची, दहावीत, बरटोलीची. सेंटर हाफ, म्हणजे माझीच जागा. वीस वर्षांत अशी पोरगी माझ्या हाताखाली आली नाही. एरवी घुमी, पण मैदानात उतरली की तिच्या तोंडाला विश्रांती नसते. "सोड! डावीकडे! मागे बघ!" दहा जणींना दोरी बांधल्यासारखी फिरवते. जानेवारीअखेर राज्याच्या क्रीडा वसतिगृहाची निवड आहे. तिथं ती लागली म्हणजे लागलीच. मग जेवण, शिक्षण, सगळं सरकारचं, आणि पुढे काय काय. मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण माझं सगळं आता या पोरीवर आहे.

आज गोलात तिची पाळी आली. म्हणाली, "दीदी, मला नाताळला घरी जायचं नाही."

"'नाही' आलं," मी म्हटलं. "एक फेरी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठली, मारून आली, बसली.

"आता चांगलं बोल."

"मला इथली भाजी आवडते."

पोरी फिसफिस हसल्या. इथली भाजी कुत्रंही खात नाही.

१७ नोव्हेंबर

रंथी रोज फेरी मारतेय. परवा म्हणाली, "काकी येणार आहे, ती यायला नको." काल म्हणाली, "बाबा माझं ऐकत नाहीत." आज म्हणाली, "माझ्याऐवजी कुणीतरी घरी सांगेल का?" यात 'नाही' नव्हतं, पण रडगाणं होतंच, म्हणून फेरी दिली. मी काय या पोरींना ओळखत नाही? धानकापणी आली की सगळ्यांना घर नकोसं होतं. मीसुद्धा हेच करायचे, पोट धरून बसायचे. तिला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं, "घरच्या गोष्टी मैदानात आणायच्या नाहीत." ती 'हो दीदी' म्हणाली.

एक फायदा झाला, तिचा दम वाढलाय.

२३ नोव्हेंबर

आज कोण आलं असेल? सलोमी! पंचवीस वर्षांनी! आम्ही दोघी याच मैदानात खेळलो. मी सेंटर हाफ, ती माझ्या डाव्या हाताला पुढे. माझ्या पासवर तिने किती गोल मारले याची गणती नाही. मॅट्रिक झाल्यावर दिल्लीला गेली ती गेलीच. आणि बघा, ती रंथीची सख्खी काकी निघाली. मला लोकरीची शाल आणली, रंथीला लाल स्वेटर.

फार वाळली आहे. डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, दारात सापडली." मी म्हटलं, "आता स्टिक कशी धरशील?" आणि मग आम्ही जुन्या मॅचच्या गोष्टीच काढून बसलो. तिला हसवायला मला किती वेळ लागला!

निघताना म्हणाली, "अल्बी, रंथीसाठी दिल्लीत एका चांगल्या ठिकाणी बोलणं चाललंय. शाळेच्या दीदीने दोन ओळी लिहून दिल्या तर वजन पडेल."

दिल्ली! मी ठिकाण विचारलं नाही. आपल्या माणसाला काय उलटतपासणी घ्यायची? कुठल्या तरी मोठ्या अकादमीत ओळख काढली असणार आणि पक्कं झाल्याशिवाय सांगायचं नसणार. सलोमी पहिल्यापासून अशीच, चेंडू जाळ्यात गेल्याशिवाय दात दाखवायची नाही. मी बसल्या बैठकीला लिहून दिलं : मुलगी निरोगी व मेहनती आहे. पहाटे उठते. सांगितलेलं काम पूर्ण करते. उलट बोलत नाही. तक्रार करत नाही.

शेवटची दोन वाक्यं अजून पूर्ण खरी नाहीत, पण होतील.

२४ नोव्हेंबर

झालीच की! रंथीला म्हटलं, "काकीने सांगितलं हो मला. दिल्लीसाठी मी चिठ्ठी दिली आहे." ती नुसती बघत राहिली. आनंदाने वाचा बसली असेल. संध्याकाळी गोलात तिने एकदम तीन चांगल्या गोष्टी सांगितल्या. "काकी चांगली आहे. स्वेटर उबदार आहे. दिल्ली मोठी आहे." फेरी नाही, रडगाणं नाही. मी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना वाजवायला लावल्या.

निळी वही : रंथीमध्ये आश्चर्यकारक सुधारणा.

५ डिसेंबर

आज नाक कापलं गेलं. ज्या शाळेला गेल्या वर्षी पाच गोलांनी लोळवलं, तिच्याकडून चार गोल खाल्ले. आणि कसे? आमच्या अकरा जणी मुक्या. कुणी 'सोड' म्हणेना, कुणी 'मागे बघ' म्हणेना. रंथीच्या पाठीवर त्यांची पोरगी धावून येतेय, एलिसबाला समोर दिसतंय. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग काय ओरडली? "रंथी, तू खूप छान उभी आहेस!" तोवर चेंडू गेला होता. मी रेषेबाहेर दोन्ही हात तोंडात कोंबून उभी होते.

त्यात तनुश्री मॅडम हजर. "दीदी, मुली एकमेकींशी बोलत का नाहीत?"

"वाईट बोलायचं बंद केलंय ना आपण."

"मागून कुणी येतंय हे सांगणं वाईट कसं?" मग एलिसबाने, त्या भवानीने, फेऱ्यांचं सगळं सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "फेऱ्या मी कधी सांगितल्या होत्या? अहो, मुलींना बोलतं करायचं होतं. त्यांचं वाईटही ऐकून घ्यायचं होतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! रांचीत बसून बोलायला काय जातं? इथं चाळीस पोरींचं वाईट ऐकत बसले तर स्वयंपाक कोण बघणार आणि फाटक कोण लावणार? पण सिस्टर ऐकत होत्या. मी 'हो मॅडम' म्हटलं. उद्यापासून फेऱ्या बंद.

७ डिसेंबर

फेऱ्या बंद म्हणून सांगितलं. कुणाला पटलं नाही. एलिसबा म्हणाली, "दीदी, माझं पोट दुखतंय," आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच उठून धावत सुटली. तिच्यामागे आणखी एक. मला हसू आवरेना. आता तर त्यांची खूणच झाली आहे ती, कुणाचं काही बिनसलं की तोंडाने बोलत नाहीत, फेरी मारून येतात. एका अर्थी बरं आहे, ऐकावं लागत नाही.

१९ डिसेंबर

नाताळची सुट्टी लागली. सगळ्या गेल्या, रंथी सगळ्यात शेवटी. ट्रंक फाटकाशी ठेवून उभी राहिली.

"दीदी, सुट्टीत हॉस्टेल उघडं ठेवतात का?"

"कशाला? उंदरांसाठी?"

"मी झाडलोट करीन. पैसे नकोत."

"घरी जा, तांदळाचे गोड पीठे खा, जाडी हो. जानेवारीत मला तुझे पाय हवेत." मी तिची ट्रंक उचलून बाहेर ठेवली आणि फाटक लावलं. रस्त्याच्या वळणापर्यंत तिने चारदा मागे वळून पाहिलं. लळा लागतो पोरींना, काय करणार.

२९ डिसेंबर

काल बरटोलीला खस्सी टुर्नामेंट होती, म्हणजे बोकडाच्या बक्षिसाची हॉकी. मी पंच आणि प्रमुख पाहुणी, दोन्ही. हॉस्टेलच्या पोरी आपापल्या गावातून खेळत होत्या, त्यामुळे माझ्या टीमने माझ्याच टीमला धुतलं. फायनलला एलिसबाचं गाव आणि रंथीचं गाव. पहिला नंबर मोठ्या काळ्या बोकडाला, दुसरा कोंबड्यांना. बोकड गोलखांबाला बांधलेला, बें बें करत होता.

काय खेळली रंथी! गावातल्या बायका रेषेवरून हव्या तशा शिव्या घालत होत्या, आणि ही पोरगी ओरडतेय, "सोड! मागे! तिकडे नको, मेले, इकडे!" हॉस्टेलमध्ये हरवलेला तिचा आवाज इथं सापडला. दोन गोल तिने स्वतः मारले. तिची धाकटी बहीण झुनी, तेरा वर्षांची काडी, मॅच संपताच धावत येऊन तिच्या पाठीवर चढली. रंथीने तिला पाठीवर घेऊनच बोकड सोडला.

बोकड तिथंच कापला. साल झाडाच्या पानांवर भात आणि मटण. सलोमीने माझ्या पानावर काळजाचा तुकडा वाढला. जेवणाआधी रंथीच्या आईने रंथीचे पाय परातीत धुतले, डोक्याला तेल घातलं, नवी रिबीन बांधली आणि डोळे पुसले. एका बोकडासाठी केवढं कौतुक! म्हातारेही येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवत होते. मला भरून आलं. वाटलं, हीच वेळ आहे. मी सगळ्या गावाला गोल करून बसवलं आणि म्हटलं, आमच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाने रंथीबद्दल एक चांगली गोष्ट बोलायची. आई म्हणाली, "माझ्या लेकीने कधी तोंड वर करून उत्तर दिलं नाही." बाप म्हणाला, "घराला हिचाच आधार." सलोमी मात्र खाली बघून मीठ चिवडत होती, बोललीच नाही.

शेवटी रंथीची पाळी. ती उठली. लाल स्वेटर, पायात नव्या चपला, आणि मैदानाला धावत सुटली. सबंध फेरी. पलीकडच्या गोलमागे दिसेनाशी झाली तेव्हा लोक हसायला लागले. "बोकड पचवतेय!" कुणीतरी म्हणालं. मीही हसले. परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि बघत राहिली. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

मटण मऊ झालं होतं. दोनदा घेतलं.

१ जानेवारी



दुपारी एलिसबा सायकलवरून आली. सहा कोस. मला म्हणाली, "दीदी, उद्या सकाळच्या बसने रंथी चालली."

"कुठे?"

"दिल्लीला. काकीबरोबर. कोठीत, बंगल्यात, घरकामाला." मग माझं तोंड बघून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक नव्हतं? तुम्ही तर जेवलात की त्या जेवणाला. पाय धुतले, तेल घातलं, ते काय बोकडासाठी?"

मी म्हटलं, "ती मला बोलली का नाही?"

एलिसबाचा आवाज चढला. या पोरीला मी कधी असं बोलताना ऐकलं नाही. "बोलली नाही? आठवडाभर रोज बोलली! तुम्ही फेऱ्या मारायला लावल्यात. मग सगळ्या गावासमोर फेरी मारून दाखवली, आणि तुम्ही हसलात. अजून कसं बोलायचं, दीदी?"

देवा, मी चिठ्ठी लिहून दिली आहे.

२ जानेवारी

आणली! रंथीला परत आणली! आत माझ्या खाटेवर झोपली आहे.

सकाळी धुकं होतं. बस स्टँडवर सलोमी उभी, बरोबर रंथी आणि आणखी एक अनोळखी मुलगी. मी आधी गोडीने बोलले. सलोमीने पिशवीतून माझीच चिठ्ठी काढली. "हे बघ, तूच लिहिलंस. 'उलट बोलत नाही, तक्रार करत नाही.' एवढी चांगली चिठ्ठी आजवर कुणाचीच नव्हती. वाचून दाखवली तर मालकीण लगेच तयार झाली."

मग मी ओरडले. दोन महिन्यांचं साठलेलं ओरडले. बसमधली माणसं खाली उतरली, चहावाला कपबशा टाकून आला, कंडक्टरने शिट्टी तोंडातून काढली. पोर विकतेस का, म्हटलं. हिचं वय सांग सगळ्यांना, म्हटलं. चिठ्ठी हिसकून फाडली. लोकांनी कडं केलं तेव्हा सलोमीने रंथीचा हात सोडला. मला हळूच म्हणाली, "अल्बी, दोघी न्यायच्या आहेत मला. दोन म्हणजे दोन. तू नाही समजणार." मी तिच्या पायाशी थुंकले.

ती बसमध्ये चढलीच नाही. त्या दुसऱ्या मुलीला घेऊन बरटोलीकडे जाणाऱ्या जीपकडे गेली. लाजली असेल, घरी गेली असेल. रंथीने माझी बाही ओढली, "दीदी, झुनी..." मी म्हटलं, "झुनीला मग भेटशील. आधी इथून चल." सगळी वाट मी तिला सांगत आले की आता घाबरायचं नाही, निवडीची तयारी करायची, सिस्टरांशी मी बोलेन, बापाशी मी बोलेन. ती सगळी वाट रडत होती. सुटकेचं रडू असतं ते, मोकळं होऊ दिलं.

६ जानेवारी

हॉस्टेल भरलं. सिस्टर जेम्मांनी बोलावून सांगितलं की स्टँडवर तमाशा केल्याची बातमी गावभर झाली आहे आणि मार्चचं मार्चमध्ये बघू. बघा म्हटलं.

संध्याकाळी गोलात मी पोरींना म्हणाले, "आजपासून वाईट बोला. काय वाटेल ते. फेरी नाही, राग नाही." कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे, आणि चिमणीचा आवाजसुद्धा नाही. शेवटी एक धाकटी म्हणाली, "दीदी, तुम्ही छान आहात." मला रडू आलं. मी यांना काय करून ठेवलंय?

रंथी जेवत नाही. निवडीला तीन आठवडे राहिलेत.

९ जानेवारी

आज गोलात रंथी बोलली. जशी बोलली तसंच लिहिते.

"मला तुमचा राग येतो, दीदी. तुम्ही मला बसवरून उतरवलंत. मला विचारलंत का? काकीला दोन मुली न्यायच्या होत्या. मी गेले असते तर झुनी घरी राहिली असती. म्हणून मी कबूल झाले होते. मी तिला वाचवायला चालले होते. मी जीप पाहिली. तुमची बाही ओढली. तुम्ही बोलत होतात. हॉस्टेलपर्यंत तुम्ही बोलतच होतात. काल एलिसबाच्या घरून निरोप आला. झुनी तिसऱ्या दिवशी गेली. तिला स्टिकसुद्धा नीट धरता येत नाही, दीदी. ती अजून अंथरूण ओलं करते. तिथं तिला मारतील."

मी तोंड उघडलं. 'चल उठ, आत्ता निघू,' एवढं ओठावर आलं होतं. तसंच गिळलं. जीभ चावून विचारलं, "काय करू मी? तू सांग."

कुणीच हललं नाही. जेवणाची घंटा झाली, दुसरी झाली. स्वयंपाकीण बोलवायला आली, तिला मी हाताने परत पाठवलं.

"उद्या घरी चला," रंथी म्हणाली. "बाबांशी मी बोलणार. मग ठाण्यात. तिथंही मी बोलणार. तुम्ही फक्त बरोबर असा."

१० जानेवारी

बाप अंगणात दोर वळत बसला होता. रंथीने विचारलं, "झुनी कुठल्या पत्त्यावर आहे?" तो म्हणाला, "काकीला माहीत." तिने विचारलं, "तुम्हाला नाही माहीत?" तो दोरच वळत राहिला. आई चुलीपाशी तोंड झाकून बसली होती. तिने एवढंच सांगितलं की जाताना झुनीने रंथीने घरी ठेवलेला लाल स्वेटर घातला. रंथीने पाणीसुद्धा घेतलं नाही.

पोलीस ठाण्यातल्या मुन्शीने माझ्यासाठी खुर्ची सरकवली. "बोला दीदी, काय तक्रार आहे?"

"तक्रार हिची आहे," मी म्हटलं, आणि भिंतीला टेकून उभी राहिले. बावीस वर्षांत एवढं कठीण काम मी केलं नाही.

रंथीने सुरुवातीपासून सांगितलं. काकी कधी आली, काय म्हणाली, बाबांना काय कबूल केलं. दुसऱ्या मुलीचं गाव, तिच्या बापाचं नाव. झुनीची उंची, झुनीच्या हनुवटीवरचा व्रण. काकीची बोटं मालकिणीने दारात चेंगरली होती आणि दोन मुली आणल्याशिवाय तिचे अडकवलेले कागद मिळणार नव्हते, हेही सांगितलं. ते सलोमीने या सोळा वर्षांच्या पोरीला सांगितलं होतं. मी समोर बसून तिच्याशी जुन्या मॅचच्या गप्पा मारल्या होत्या.

मुन्शीने सलोमीचं माहेरचं नाव, गाव विचारलं. ते रंथीला ठाऊक नव्हतं. मला होतं. आपलेच दात नि आपलेच ओठ. मी दिलं. शिफारसपत्र कुणी लिहिलं, तेही त्याने विचारलं. मी म्हटलं, "मी. अल्बिना कुल्लू. लिहून घ्या." त्याने मान वर करून पाहिलं आणि लिहून घेतलं.

झुनी सापडेल का, ते त्याने सांगितलं नाही. दिल्लीला कळवू म्हणाला. मग कागद भरत आल्यावर पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "बरं, झालं. एवढं पुरे."

"पुरे नाही," रंथी म्हणाली. "अजून आहे. लिहा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीलाच टेकून राहिले. त्याने दुसरा कागद घेतला.